अँग्लिकन ज्ञानकोशाची नोंद: विधानाला धनी हवा

अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून पसरलेली ख्रिस्ती परंपरा. ‘अँग्लिकन चर्चने अमुक ठरवलं’ असं वाक्य या परंपरेच्या ज्ञानकोशातल्या नोंदीत दिसलं की संपादकाने तिथेच थांबावं. असं ठरवणारं एकच एक चर्च अस्तित्वात नाही. २०२१ साली मोझांबिक व अंगोलाचा प्रांत वेगळा झाला तेव्हा अँग्लिकन कम्युनियनचे, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चच्या कुटुंबाचे, प्रांत (स्वतंत्र कारभाराची चर्च) ४२ झाले, आणि प्रत्येक प्रांत आपले कायदे आपल्याच सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या सभेत, करतो. कँटरबरीच्या आर्चबिशपला मान आहे, पण पोपसारखा अधिकार नाही. १८६७ पासून भरणाऱ्या लॅम्बेथ परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेच्या, ठरावांना वजन असतं, तरी एखाद्या प्रांताने ते स्वीकारल्याशिवाय तिथे ते कायदा होत नाहीत. त्यामुळे ‘अँग्लिकन चर्चने स्त्रियांना आचार्यपद (प्रीस्टचं पद) दिलं’ हे वाक्य कितीही साल जोडलं तरी बरोबर होत नाही. फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी आचार्यपदाची दीक्षा दिली. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने ११ नोव्हेंबर १९९२ रोजी स्त्रियांच्या दीक्षेच्या बाजूने मत दिलं आणि पहिल्या दीक्षा १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टलमध्ये झाल्या. काही प्रांतांत ती वाट आजही बंद आहे. तीन वेगळी विधानं, तिन्हींचे धनी वेगळे.

श्रद्धेने चालवलेल्या ज्ञानकोशाचा सगळ्यात कामाचा नियम हाच: प्रत्येक विधानाला धनी हवा. कोणत्या प्रांताने, कोणत्या सभेने, कोणत्या साली; किंवा कोणाच्या मते, कोणाच्या साक्षीनुसार. धनी सापडत नसेल तर वाक्य काढून टाका. नोंद लहान झाली तरी चालेल.

लिहिण्याआधीची पाटी

थेट लिहायला बसलं की माणूस आठवणीतून लिहितो, आणि आठवण बहुतेक वेळा प्रवचनातली असते. म्हणून प्रत्येक नोंदीआधी एक छोटी पाटी भरून घ्यावी. व्यक्ती असेल तर जन्म, बाप्तिस्मा, दीक्षा व मृत्यूच्या तारखा. त्या वेळचं चर्च आणि धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला भाग). कोणत्या मिशनशी संबंध. आणि एकमेकांवर न बेतलेले किमान दोन पुरावे. चर्चची इमारत असेल तर चार तारखा वेगवेगळ्या लिहा: पायाभरणी, पहिली उपासना, पवित्रीकरण आणि (असल्यास) कॅथेड्रलचा दर्जा.

चार तारखांची ही कटकट कशासाठी, ते मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलवरून कळतं. गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिए यांच्या काळात १६७६ ला पाया घातला गेला, मग काम कित्येक वर्षं रखडलं. रिचर्ड कॉब यांनी ते पुन्हा उचललं आणि १७१८ च्या नाताळला चर्च उपासनेसाठी उघडलं. पवित्रीकरण १८१६ चं. कॅथेड्रलचा दर्जा १८३७ मध्ये, म्हणजे मुंबईचा धर्मप्रांत निघून थॉमस कार पहिले बिशप झाले तेव्हा. ‘हे कॅथेड्रल किती साली बांधलं?’ या एका प्रश्नाला चार उत्तरं मिळतात आणि चारही कुठे ना कुठे छापलेली सापडतात. पाटीत चार घरं आखलेली असली की भांडण उरत नाही.

जाता जाता, कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च नव्हे. जिथे बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल, मग ते आकाराने बेताचं का असेना. कुलाब्याचं अफगाण चर्च उंच आहे, देखणं आहे, पण कॅथेड्रल नाही.

बिशपच्या नावापुढे गावाचं नाव लावताना त्या वर्षीचा नकाशा डोळ्यासमोर ठेवा. पुण्याच्या सेंट मेरीज चर्चचं पवित्रीकरण १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी केलं. त्यांना ‘मुंबईचे बिशप’ म्हणणारी नोंद चुकते, कारण मुंबईला तेव्हा बिशपच नव्हता. ते कलकत्त्याचे बिशप, आणि कंपनीच्या ताब्यातला सगळा हिंदुस्थान त्यांच्याच धर्मप्रांतात मोडत होता.

श्रद्धा कुठे बोलते आणि कुठे गप्प बसते

आपला कोश श्रद्धेचा आहे हे लपवू नका. धोरणाच्या पानावर ते स्वच्छ लिहा. चौकट हवी असेल तर आयती आहे: अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या बिशपांनी १८८६ साली शिकागोत मांडलेले आणि १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने काही बदलांसह स्वीकारलेले चार मुद्दे. पवित्र शास्त्र, प्रेषितांचा आणि नायसियाचा मतांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली), बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि परंपरेने चालत आलेलं बिशपपद. संपादक मंडळ हे मानतं, एवढं सांगितलं की पुरे. लेखकांकडून मात्र श्रद्धेची सही घेऊ नका. चर्चच्या वास्तूवर लिहायला वास्तुशास्त्र येणारा माणूस हवा, तो कोणत्याही धर्माचा असो.

नोंद कोणावर करायची, कशाला किती जागा द्यायची, कोणता प्रश्न उलगडून सांगायचा, हे श्रद्धा ठरवू शकते. प्रभुभोजनावर तीन हजार शब्द आणि एखाद्या राजाच्या राज्याभिषेकावर तीनशे, असं खुशाल करा. ज्या वाक्याचा पुरावा कागदात शोधायचा असतो तिथे मात्र श्रद्धेने बोलू नये. ‘प्रभूने त्यांना मिशनकार्यासाठी हाक दिली’ हे नोंदीतलं विधान होऊ शकत नाही. ‘आपल्याला हाक आली असं त्यांनी पत्रात लिहिलं’ हे होऊ शकतं, आणि खरं तर ते जास्त जिवंत वाटतं. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या संजीवनाबद्दल (धार्मिक जागृतीबद्दल) लिहिताना हेच: काय घडलं म्हणून कोणी लिहून ठेवलं, ते त्यांच्या नावावर द्या. पवित्र आत्मा उतरला की नाही, याचा निवाडा कोशाने करू नये. तो आला नाही असंही सुचवू नये.

आता एक वाक्य दुरुस्तीला घेऊ. ते जगभर फिरतं:

‘बायकोला घटस्फोट देता यावा म्हणून आठव्या हेन्रीने १५३४ साली अँग्लिकन चर्च स्थापन केलं.’

एवढ्याशा वाक्यात चार खोड्या आहेत. हेन्रीने मागितला तो घटस्फोट नव्हता. पहिली बायको कॅथरीन हिच्याशी झालेलं लग्न मुळातच रद्दबातल होतं असं जाहीर करून हवं होतं. ते रोमने केलं नाही, पण आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी २३ मे १५३३ रोजी केलं, म्हणजे १५३४ चा कायदा येण्याआधीच. त्या कायद्याने नवं चर्च काढलं नाही, असलेल्या चर्चचा प्रमुख राजा आहे असं म्हटलं. मेरी राणीच्या काळात इंग्लंड पुन्हा रोमकडे गेलं आणि १५५९ मध्ये एलिझाबेथच्या कायद्याने परत फिरलं. आजची व्यवस्था त्या दुसऱ्या वळणावर उभी आहे. चौथी खोडी ‘स्थापन’ या शब्दात आहे. अँग्लिकन परंपरा स्वतःला ५९७ मध्ये कँटरबरीला आलेल्या ऑगस्टिनपासून, किंबहुना त्याआधीच्या ब्रिटिश ख्रिस्ती मंडळ्यांपासून अखंड मानते. रोमला हे मान्य नाही.

दुरुस्त रूप असं होईल: ‘१५३४ च्या कायद्याने आठवा हेन्री इंग्लंडमधल्या चर्चचा प्रमुख ठरला आणि रोमचा अधिकार संपला. मेरीच्या राज्यात हा बदल उलटवला गेला. १५५९ मध्ये एलिझाबेथच्या संसदेने राणीला चर्चची सर्वोच्च शासक ठरवलं. अँग्लिकन लेखक याला जुन्या चर्चची सुधारणा म्हणतात, रोमन कॅथलिक लेखक फूट म्हणतात.’ शेवटच्या वाक्यात दोन्ही धनी आले. वाचक अँग्लिकन असला तरी त्याचं काही बिघडत नाही.

रोमशी असलेल्या वादात आपल्या बाजूला माप झुकवण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९६ साली अँग्लिकन पाळकांच्या दीक्षा पूर्णपणे निरर्थक ठरवल्या. कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी १८९७ मध्ये त्याला उत्तर दिलं. दीक्षेवरच्या नोंदीत दोन्ही कागद हवेत, आणि पोपचा युक्तिवाद पोपच्या माणसाला ओळखता येईल इतक्या चांगल्या भाषेत हवा.

उलट बाजूचा धोका वेगळाच आहे. १९०७ ते १९१२ दरम्यान निघालेला कॅथलिक विश्वकोश आता हक्कमुक्त (कॉपीराइट संपलेला) आहे, त्यामुळे त्याचा मजकूर इंटरनेटवर ठिकठिकाणी उचलून चिकटवलेला सापडतो. घाईतला लेखक तो भाषांतरित करतो आणि अँग्लिकन कोशातच अँग्लिकन दीक्षा बेकायदा ठरवून मोकळा होतो. जुन्या हक्कमुक्त ग्रंथातून घेतलेला प्रत्येक परिच्छेद कोणत्या घरातून आला, ते पाटीत लिहून ठेवा.

आपल्याकडची खास गफलत

महाराष्ट्रातल्या नोंदींत सर्वाधिक चुका एकाच कारणाने होतात: आजचं नाव मागे ढकललं जातं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं तेव्हा त्यात अँग्लिकनांबरोबर काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन परंपरेचं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, मेथडिस्टांची एक शाखा, ब्रदरेन आणि डिसायपल्स असे सहा प्रवाह आले. सीएनआय आज अँग्लिकन कम्युनियनचा सदस्य आहे हे खरं. म्हणून सीएनआयची प्रत्येक जुनी मंडळी अँग्लिकन होती, असं मुळीच नाही. नगरचं बरंचसं काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल. कोल्हापूरचं अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचं. त्याच नगर जिल्ह्यात एसपीजी (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) हे अँग्लिकन मिशनही होतं, त्यामुळे ‘नगरचे ख्रिस्ती’ म्हणून एका रंगात रंगवता येत नाही.

नारायण वामन टिळक अँग्लिकन नव्हते. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत अमेरिकन मिशनकडे झाला. त्यांची गीतं आज सीएनआयच्या उपासनेत गायली जातात, तेव्हा कोशात त्यांच्यावर नोंद जरूर असावी. पण ‘अँग्लिकन कवी’ या वर्गात नको.

मुंबई-पुण्यातल्या खरोखर अँग्लिकन चर्चलाही तीन पाट्या लागतात. १ मार्च १९३० पूर्वी चर्च ऑफ इंग्लंड, त्यानंतर १९७० पर्यंत ‘चर्च ऑफ इंडिया’ हे स्वतंत्र चर्च (नावात आधी बर्मा आणि सिलोन, फाळणीनंतर पाकिस्तानही), मग सीएनआय. घटना ज्या वर्षीची, नाव त्या वर्षीचं.

पंडिता रमाबाईंवरची नोंद म्हणजे संपादकाची परीक्षा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो अँग्लिकनच. तिथल्याच अँग्लिकन संघातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पुढे पत्रांतून वाद घातला. धर्मगुरू सांगतील तेवढंच मानायला त्या तयार नव्हत्या. नंतरचं मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाचं नव्हतं. म्हणजे ‘अँग्लिकन संत रमाबाई’ हे शीर्षक चुकीचं, आणि ‘त्यांचा अँग्लिकन चर्चशी संबंध नव्हता’ हेही चुकीचं. बाप्तिस्मा, वाद आणि दुरावा हे तिन्ही त्या क्रमाने द्या. मृत्यू ५ एप्रिल १९२२ चा; चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात त्यांचा स्मरणदिन मात्र ३० एप्रिल आहे, कारण एप्रिलच्या सुरुवातीचे दिवस बऱ्याचदा उपवासकाळात किंवा ईस्टरच्या आठवड्यात येतात. स्मरणदिनावरून मृत्यूची तारीख काढू नये, हा नियम सगळ्याच संतांना लागू करा. प्रत्येक प्रांताचं पंचांग वेगळं, म्हणून स्मरणदिनाशेजारी प्रांताचं नावही हवं.

मिशनचे कागद वाचताना

एकोणिसाव्या शतकाचा बराचसा पुरावा मिशनच्या अहवालांत आहे. सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या अँग्लिकन मिशनची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात, एसपीजीची ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. मुंबई इलाख्यातल्या कंपनी आणि सरकारी चॅप्लेनांनी (नोकरीतल्या पाळकांनी) नोंदवलेले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात ‘एन-३’ या मालिकेत मिळतात. पाळकांच्या नेमणुकांसाठी १८५८ पासून निघणारी क्रॉकफर्डची निर्देशिका बघावी. पण तीत पाळकांनी स्वतः कळवलेली माहिती असते, तेव्हा एखादी नेमणूक गाळलेली असू शकते.

अहवाल हे वर्गणीदारांसाठी लिहिलेले असत, हे विसरून चालत नाही. आकड्यांचे रकाने नीट वाचा: मंडळीशी जोडलेले, बाप्तिस्म्याची तयारी करणारे, बाप्तिस्मा झालेले आणि प्रभुभोजन घेणारे, हे चार वेगळे आकडे आहेत आणि पहिला चौथ्याच्या कितीतरी पट असू शकतो. एका वर्षीचा पहिला रकाना आणि दहा वर्षांनंतरचा चौथा जोडला की मंडळी ओसरल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती वाढलेली असते. आजही हेच होतं: चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झालेल्यांचा आकडा कोटींत जातो, रविवारी उपासनेला येणाऱ्यांचा दहा लाखांच्या आत राहतो. नुसतं ‘सदस्य’ लिहू नका, काय मोजलं ते लिहा.

या अहवालांत साहेबाचं नाव आडनावासकट असतं आणि त्याच्याबरोबर गावोगाव हिंडणारा माणूस ‘एक नेटिव्ह कॅटेकिस्ट’ (धर्मशिक्षण देणारा देशी प्रचारक) असतो. कोशाने ही सवय उचलू नये. जेकब वेनराइट यांचं उदाहरण घ्या. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर इथे सीएमएसने चालवलेल्या वसाहतीत ते शिकले. १८७३ मध्ये आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय पुरताना प्रार्थना वाचणारे तेच, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही ते होते. ‘विश्वासू नोकर’ एवढ्यावर अशा माणसाची बोळवण होत असेल तर ती नोंद परत पाठवा. नाव शोधायला बाप्तिस्मा-नोंदवही, पगारपत्रक आणि मराठी ख्रिस्ती नियतकालिकं या क्रमाने जावं. नाव सापडलं नाही तर निदान काम नेमकं काय केलं ते सांगावं.

मिशनबाहेरचा मराठी कागदही बघायलाच हवा. पुण्याच्या पंचहौद मिशनवरची नोंद फक्त तिथल्या काउली फादर (एका अँग्लिकन संघाचे पाळक) आणि वाँटेजच्या सिस्टर्स यांच्या कागदांवरून लिहिली तर ४ ऑक्टोबर १८९० चं, मिशनमध्ये हिंदू पाहुण्यांना दिलेल्या चहाचं प्रकरण एका ओळीत संपेल. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ज्यात सापडले ते ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) मराठी वृत्तपत्रांत गाजलं. त्यातही सावध राहा: चहाच्या कपाला कोणी फक्त हात लावला आणि कोणी ओठ लावला, यावर तेव्हाच मतभेद होते.

तारखा आणि मानाच्या पदव्या

इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. क्रॅनमर यांना जाळलं ती तारीख २१ मार्च १५५६. त्या काळच्या हिशेबाने १५५५, आणि जुन्या पुस्तकांत तसंच छापलेलं मिळतं. नियम एकच ठेवा: वर्ष १ जानेवारीपासून धरा, दिवस मूळ कागदातला जसाच्या तसा. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ आली, म्हणून त्याआधीचे दिवस आजच्या पंचांगात बसवायच्या भानगडीत पडू नका.

‘सध्याचे आर्चबिशप’ हा शब्दप्रयोग बंद. रोवन विल्यम्स, जस्टिन वेल्बी, सारा मलाली अशी नावं बदलत गेली, आणि जुन्या नोंदींतलं ‘सध्याचे’ तिथेच राहिलं. नेमणुकीचं साल द्या.

बिशप ‘राइट रेव्हरंड’, आर्चबिशप ‘मोस्ट रेव्हरंड’, डीन ‘व्हेरी रेव्हरंड’, आर्चडीकन ‘व्हेनरेबल’. हे नोंदीच्या सुरुवातीला एकदाच. पुढे आडनाव आणि ‘यांनी’. आदरार्थी बहुवचन सर्वांना सारखं, गोऱ्या बिशपलाही आणि गावच्या बायबल-बाईलाही. येशूसाठी मराठी शास्त्रातलं एकवचन चालू द्या. ‘बाटले’, ‘बाटवले’ फक्त अवतरणात, तेही बोलणाऱ्याच्या नावासह.

जिवंत माणसं

इथे चूक झाली तर ती दुसऱ्याला भोवते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. एखाद्या हयात माणसाचं नाव, मूळ जात आणि बाप्तिस्म्याची तारीख कोशात एकत्र आली तर त्याच्या किंवा मुलांच्या जातीच्या दाखल्यावर गदा येऊ शकते. गावात त्रास होऊ शकतो तो वेगळाच. म्हणून हयात व्यक्तीचा बाप्तिस्मा तिने स्वतः जाहीरपणे सांगितला असेल तरच नोंदवा. चर्चच्या नोंदवहीचा फोटो कधीही चढवू नका; एका पानावर दहा कुटुंबं असतात. पाळकावर आरोप असेल तर न्यायालयाचा किंवा चर्चच्या अधिकृत चौकशीचा निकाल लागेपर्यंत ‘आरोप झाला’ एवढंच, आणि निर्दोष सुटका झाली तर तीही तितक्याच ठळकपणे.

दोन वाचक, दोन कामं

नोंद चढण्याआधी दोघांनी वाचावी. एकाने फक्त तथ्यं बघायची: पाटीवरची प्रत्येक तारीख नोंदीशी आणि पुराव्याशी ताडून. दुसऱ्याने फक्त शिकवण बघायची: चर्च ऑफ इंग्लंडचं १६६२ चं प्रार्थनापुस्तक, त्याच चर्चच्या शिकवणीची एकोणचाळीस कलमं, त्या प्रांताचे कायदे यांच्याबद्दल जे म्हटलंय ते तिथे आहे का. ही दोन कामं एकाच माणसाला देऊ नका, नाहीतर आवडत्या मताला धरून असलेली तारीख न तपासताच पुढे सरकते. शिकवण बघणाऱ्याला तथ्य खोडायचा अधिकार नाही; त्याला अडचण वाटली तर दुसरी बाजू जोडायला सांगावं.

नोंद चढल्यावर दुरुस्त्या येतात त्या बहुधा घरच्यांकडून: ‘आजोबा कॅटेकिस्ट नव्हते, पाळक होते.’ पुष्कळदा ते बरोबर असतात. दीक्षेचा दाखला, धर्मप्रांताच्या जुन्या नेमणुकांची यादी किंवा थडग्यावरच्या मजकुराचा फोटो मागा. कागद मिळाला तर बदल करून नोंदीखाली तारीख आणि बदललेली ओळ लिहा. मिळाला नाही तर ‘कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार’ असं म्हणून त्यांचं म्हणणं घ्या आणि अहवालातला शब्दही शेजारी राहू द्या.